कबड्डी स्पर्धेचं लाईव्ह करायचंय, चार कॅमेरे कुठे लावू? (सल्ला हवाय)

मध्यरेषा:
आमच्या मंडळाची दिवसरात्र कबड्डी स्पर्धा आहे जानेवारीत, रायगड जिल्ह्यात गाव, तीन दिवस, मॅटवर. दरवर्षी एक मोबाईल ट्रायपॉडला लावून यूट्यूबवर सोडतो, मुंबईला आणि आखातात असलेली पोरं रात्र जागून बघतात आणि सकाळी फोन करून शिव्या घालतात की अर्धा सामना पंचाची पाठच दिसत होती आणि बोनस (चढाईपटूचा पाय बोनस रेषेपलीकडे गेल्याचा जादा गुण) गेला की नाही काही कळलं नाही. यंदा मंडळाने ६० हजार मंजूर केलेत. दोन हँडीकॅम आहेत (एक मावसभावाचा), एक मिररलेस, मित्राकडे जिम्बल (कॅमेरा न हलता धरायचा दांडा). मिक्सर (कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र जायचं ते बदलायचं यंत्र) भाड्याने घ्यायचा तर कुठला, चार कॅमेरे कुठे कुठे लावू, आणि ड्रोन घ्यावा का? खजिनदार ड्रोनसाठी फार मागे लागलेत.

आंबटगोड:
ड्रोन विसर. रात्री, माणसांच्या डोक्यावर, परवानगीची भानगड वेगळी आणि वरून कबड्डी म्हणजे मुंग्या दिसतात. खजिनदारांना सांग बॅनर दिसणार नाहीत वरून, लगेच गप्प बसतील.

लग्नसराई:
मी लग्नाची लाईव्ह करतो, कबड्डी दोनदा केलीय. एटेम मिनी प्रो घे भाड्याने. चार एचडीएमआय इनपुट, चारही कॅमेरे एका टीव्हीवर एकदम दिसतात, त्यातूनच यूट्यूबला जातं आणि पेनड्राइव्ह नको पण एसएसडी लावली तर रेकॉर्डिंगपण होतं. साधा मिनी घेऊ नकोस, त्यात चारही चौकोन एकत्र दिसत नाहीत मग आंधळ्यासारखं बटण दाबत बसायचं. मिररलेसचं आधी घरी तपास, काहींच्या एचडीएमआयमधून बॅटरीचं चिन्ह, फोकसची चौकट सगळं बाहेर येतं, आणि पाऊण तासाने तापून बंद पडतात ऐन फायनलला. एकाच्या लग्नात अक्षता पडताना झालंय माझं, अजून त्या घरासमोरून जात नाही.

पीसीआर_मधला:
२० वर्षं टीव्हीच्या स्टुडिओत आणि ओबीत (बाहेरच्या थेट प्रक्षेपणात) दोन्हीकडे काढलीत त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

कॅमेरे किती हा प्रश्न नंतरचा, आधी प्रत्येक कॅमेऱ्याचं काम ठरवा. एक नंबर मध्यरेषेच्या सरळ समोर, बाजूने, १०-१२ फूट उंच मचाणावर. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, ते सगळं याच्यात मावलं पाहिजे, दोन्ही टोकं, दोन्ही लॉबी (कडेच्या पट्ट्या). हा कॅमेरा झूम करणार नाही, फार तर चढाई ज्या बाजूला तिकडे थोडा पॅन (आडवा वळवायचा). सामन्याचा बहुतेक वेळ हाच ऑन राहील आणि त्यात कमीपणा नाही. याच्यावर मंडळातला सगळ्यात शांत माणूस बसवा, हौशी नको. दोन नंबर त्याच्याच शेजारी पण टाईट, चढाईपटू कमरेपासून वर. हा चढाईच्या मधे घ्यायचा नाही! चढाई ३० सेकंदांची असते, तेवढा वेळ हात शिवशिवले तरी मांडीखाली ठेवायचे. पकड झाली, शिट्टी वाजली, मग दोनवर जा, ढिगाऱ्यातून उठणाऱ्याचा चेहरा दाखवा, परत एकवर या. स्टुडिओत आम्ही बोलणाऱ्यावर पटापट कट मारतो कारण तिथे पुढे काय होणार ते स्क्रिप्टमधे असतं, डावीकडचा कॅमेरा उजवीकडच्या पाहुण्यावर, उजवीकडचा डावीकडच्यावर, मधला वाइड, झोपेतही चालतं. कबड्डीत कट मारला त्याच क्षणी टाच पकडली जाते आणि ती नेमकी तुम्ही सोडलेल्या फ्रेममधे असते.

आता बोनस, कारण शिव्या त्याच्यावर आहेत. तीन आणि चार नंबर फिक्स ठेवा, माणूससुद्धा नको. निदान रेषा (चढाईपटूने ओलांडायलाच हवी ती) मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर, बोनस तिच्या पुढे एक मीटर. त्या बोनस रेषेच्या सरळ रेषेत, बाजूला, जमिनीलगत कॅमेरा, एक या अंगणात एक त्या. तिरका लावला तर पाय पलीकडे गेला की वरून गेला कळतच नाही, सरळ रेषेत लावला की पुढच्या पायाची बोटं रेषेपलीकडे आणि मागचा पाय हवेत, दोन्ही स्वच्छ दिसतं. दोन्ही एक नंबरच्याच बाजूला. पलीकडून लावलेत तर डावीकडचा संघ अचानक उजवीकडे दिसतो आणि आखातातली पोरं रात्री दोनला आणखी शिव्या घालतील.

ठाणेकरीण:
पण क्रिकेटमधे तर दोन्ही टोकांना कॅमेरे असतात की?

पीसीआर_मधला:
बरोबर पकडलंत. पूर्वी एकाच टोकाला असायचा त्यामुळे एक आड एक ओव्हर बॅट्समनची पाठ बघायची. ऑस्ट्रेलियात १९७७ ला टीव्ही चॅनलचा मालक केरी पॅकरने आपली वेगळी क्रिकेट मालिका काढली तेव्हा त्यांच्या चॅनलने दोन्ही टोकांना कॅमेरे लावले. पण तिथे ओव्हर बदलली की कॅमेराही बदलतो, म्हणजे बघणाऱ्याला चित्र तेच, बॉलर पाठमोरा आणि बॅट्समन समोर. कबड्डीत तसं नाही, इथे डावं म्हणजे एक संघ आणि उजवं म्हणजे दुसरा, एवढंच घट्ट धरून माणूस सामना बघत असतो.

वायरमन७१:
कॅमेऱ्याचं सगळे सांगतायत, वायरीचं मी सांगतो. एचडीएमआय १०-१५ मीटरच्या पुढे भरवशाची नाही, मधेच काळं होतं आणि लोक कॅमेरामनला दोष देतात. लांबच्या कॅमेऱ्याला एसडीआय (लांब वायरीवर चालणारा व्हिडिओ सिग्नल) कन्व्हर्टर दोन्ही टोकांना लावा, चांगली केबल असेल तर ५० मीटर आरामात जातं. वायर मॅटच्या कडेने नेऊ नका, बाहेर फेकलेला गडी तिच्यावरच पडतो. आणि मिक्सर, राऊटर यूपीएसवर पाहिजेच, जनरेटर बदलताना दोन सेकंद लाईट गेली की स्ट्रीम तुटतं, आमच्याकडे उपांत्य सामन्यात शेवटच्या चढाईला गेलं होतं, एका गुणाचा फरक होता. दोन दिवस मी चहाच्या टपरीवर गेलो नाही.

मचाण दोन बांधा. एक कॅमेऱ्याचं, एक पाहुण्यांचं. एकच असलं की सरपंच (गावचे, मैदानातले नाहीत) वर चढतात, बांबू हलतो आणि टाईट कॅमेऱ्यात भूकंप.

लग्नसराई:
+१ मचाणाला. सगळे कॅमेरे २५ किंवा सगळे ५० फ्रेमवर ठेव, एक ३० वर एक २५ वर नको, मिक्सर जुळवून घेतो पण हालचाल अडखळते. शटर १/५० किंवा १/१००, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, नाहीतर हॅलोजनखाली चित्र लुकलुकतं. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगाची जुळवणी) ऑटो ठेवू नकोस, संध्याकाळी लाईट पेटल्यावर मॅटच्या मधोमध पांढरा कागद धरून चारही कॅमेऱ्यांवर हाताने कर. आणि जानेवारी आहे, रात्री दव पडतं, लेन्सवर धुकं धरतं ते लक्षात येत नाही, दर सामन्यानंतर कुणीतरी फडकं घेऊन फिरलं पाहिजे.

मध्यरेषा:
वाखू (वाचनखूण) साठवली सगळ्यांची _/\_ तीन प्रश्न अजून. नेटला दोन सिमवालं डोंगल चालेल का? रिप्ले कसा दाखवू? आणि कॅमेरामनशी बोलायचं कसं, फोनवर कॉन्फरन्स कॉल लावला तर?

वायरमन७१:
दुपारी टेस्ट करशील तर सिम मस्त चालेल. रात्री तीन हजार माणसं आली, सगळ्यांनी फोन काढला की टॉवर झोपतो. शेजारच्या घरातून किंवा शाळेतून फायबर ओढून घे, लॅन वायरने, वायफायने नाही. कॉन्फरन्स कॉलचंही तेच, टॉवर झोपला की तू मुका. वायरचा इंटरकॉम भाड्याने मिळतो तो घे, ड्रोनच्या पैशात येईल.

पीसीआर_मधला:
इंटरकॉमवर फक्त एकानेच बोलायचं, मिक्सरवाल्याने. "दोन तयार... दोन घेतला." बस. बाकीच्यांनी गप्प.

रिप्लेला लॅपटॉपवर व्हीमिक्स या सॉफ्टवेअरच्या वरच्या आवृत्तीत सोय आहे, फुकटात ओबीएस या सॉफ्टवेअरच्या रिप्ले बफरने जमवता येतं पण एक स्वतंत्र मुलगा लागेल आणि लॅपटॉपने एटेमचा एक इनपुट खाल्ला की एक बोनस कॅमेरा जातो, ते ठरवा. दाखवताना आधी आणि नंतर मंडळाचं चिन्ह फिरवा आणि कोपऱ्यात "रिप्ले" लिहा. गंमत नाही, अमेरिकेत ७ डिसेंबर १९६३ ला आर्मी-नेव्ही फुटबॉल सामन्यात टोनी व्हर्ना नावाच्या डिरेक्टरने पहिला झटपट रिप्ले दाखवला तेव्हा समालोचकाला ओरडून सांगावं लागलं की हे लाईव्ह नाही, आर्मीने पुन्हा गुण केलेला नाही. आपल्याकडे तर लोक पैज लावून बसलेले असतात.

ठाणेकरीण:
आवाजाचं कुणीच बोललं नाही. स्पीकरवाल्याच्या मिक्सरमधून थेट लाईन घ्या, वर मैदानाजवळ एक माईक गर्दीसाठी. चित्र मिक्सरमधून थोडं उशिरा येतं त्यामुळे आवाजाला डिले द्यावा लागतो, टाळी वाजवून जुळवा. आणि दोन सामन्यांच्या मधे डीजे गाणी वाजवतो ना, तेव्हा स्ट्रीमचा आवाज बंद करा, नाहीतर यूट्यूब कॉपीराइटवरून लाईव्ह अडवू शकतं.

मध्यरेषा: (स्पर्धेनंतर)
झाली स्पर्धा. रिप्ले सोडला, बोनसचे दोन्ही कॅमेरे ठेवले. मिररलेस दुसऱ्या रात्री तापला म्हणून तिथे जुना मोबाईल लावला, अडॅप्टर टाकून, काही फरक कळला नाही. एक नंबरवर शाळेतले निवृत्त सर बसवले होते, तीन रात्री माणूस हलला नाही, चहा पण मचाणावरच. गुणफलकाचा मुलगा पहिल्या दिवशी माझ्याजवळ होता, दोनदा गुण चुकले, मग त्याला लॅपटॉपसकट गुणलेखकाच्या टेबलाशेजारी बसवला, भांडण संपलं. खजिनदारांचे बॅनर एक नंबरच्या समोर पलीकडच्या बाजूला लावले त्यामुळे तेही खूश. पाहुण्यांचं मचाण रिकामं आणि तिसऱ्या रात्री सरपंच आमच्याच मचाणावर.

आखातातून फोन आला सकाळी. म्हणे बोनस दिसला, पण समालोचक फार बोलतो.