वॉल्ट्झ आधी शिकावा की साल्सा?

प्रश्न: गोव्यातील एका लग्नात जोडीने नाचायचे आहे. तालाची जाण बेताचीच असल्याने सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: वॉल्ट्झपासून. मंद वॉल्ट्झमध्ये तीन मात्रांची सुमारे ३० आवर्तने मिनिटाला होत असल्याने पुढे पाऊल, बाजूला पाऊल, मग पायांची जुळवणी ही चौकट सावकाश बसवता येते. मात्र व्हिएनीज वॉल्ट्झ वाजू लागल्यास गती जवळपास दुप्पट होते, तेव्हा नवशिक्याने खुशाल बसून घ्यावे.

उत्तर २: साल्सात आठ मात्रांपैकी चौथी व आठवी रिकामी सोडतात आणि नवख्याचे पाऊल बहुधा नेमके तेथेच पडते. त्यापेक्षा डॉमिनिकन प्रजासत्ताकातला बचाटा सोपा वाटतो: तीन पावले बाजूला, चौथ्या मात्रेला पाय नुसता टेकवायचा.

उत्तर ३: नाच कोणताही असो, जोडीदाराला हाताने ओढू नये, आपल्या शरीराचा भार सरकला की तिला दिशा कळते.