थॅडियस स्टीव्हन्स: तत्त्वाचा पक्का की सुडाने पेटलेला?

ढवळ्या: लिंकनच्या काळातला पेनसिल्व्हेनियाचा हा वकील-खासदार म्हणजे गुलामगिरीचा कट्टर वैरी, असं सगळे सांगतात. पण १८२१ मध्ये गेटिसबर्गला वकिली करताना त्याने मेरीलँडच्या एका गुलाममालकाची बाजू लढवली. गुलाम असलेली चॅरिटी बटलर म्हणत होती, पेनसिल्व्हेनियात सहा महिने राहिले, म्हणजे कायद्याने मी मुक्त. स्टीव्हन्सचा मुद्दा: मुक्काम तुटक आहेत, बेरीज चालणार नाही. जिंकला. बाई गुलामच राहिली. याची आरती कशाला ओवाळायची?

कोर्टाची पायरी: आलेलं वकीलपत्र घेतलं, यात पाप काय? पुढचं बघा. पेनसिल्व्हेनियाच्या १८३८ च्या राज्यघटनेत मताचा हक्क फक्त गोऱ्यांना ठेवला म्हणून याने सही नाकारली. १८५१ मध्ये ख्रिस्तियानाला पळालेले गुलाम पकडायला आलेला मालक मारला गेला. त्या प्रकरणात कॅस्टनर हॅनवे या तिथल्या गोऱ्या गिरणीवाल्यावर देशद्रोहाचा खटला चालला, तेव्हा बचावाच्या वकिलांत हा होता. ज्यूरीला निर्दोष ठरवायला पाव तास पुरला.

ढवळ्या: पाप कसं नाही? पळवाट शोधायला डोकं लागतं, आणि ते त्याने त्या बाईविरुद्ध चालवलं. बरं, १८६३ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बंडखोर फौजेने त्याचा लोखंडाचा कारखाना जाळला. १८६५ मध्ये हा म्हणतो, बंडखोरांपैकी दोनशे एकरांवरच्यांच्या जमिनी जप्त करा. उट्टं काढणंच ना हे?

आडवाटेची: जप्तीचं सांगितलंत, वाटपाचं सोयीस्कर गाळलंत! मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर, उरलेल्या जमिनी विकून युद्धाचं कर्ज फेडायचं, अशी ती योजना होती. जमीन नसेल तर कालचा गुलाम उद्या त्याच मालकाच्या शेतात बटाईने राबणार, हे त्याला कळत होतं. योजना बारगळली. पुढे लाखोंच्या नशिबी तेच आलं.

सुपारीफोड: माणूस व्यवहारीही होता हो. अमेरिकेच्या राज्यघटनेची १४ वी दुरुस्ती (मुक्त झालेल्यांना नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणारी) तोकडी वाटत असूनही १८६६ मध्ये तिच्या बाजूने मत दिलं. का, तर मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही! (इतका प्रांजळ खासदार आपल्याला झेपला नसता.)

आडवाटेची: १८६८ मध्ये गेला तेव्हाही हट्ट सोडला नाही. बाकीच्या दफनभूमींत वर्णाची अट होती, म्हणून लँकेस्टरची एक छोटी जागा निवडली आणि कारण थडग्यावर कोरून घेतलं.

ढवळ्या: कोरलं खरं. चॅरिटीचा खटला तेवढा राहिला कोरायचा.

कोर्टाची पायरी: मग काय, सगळं वकीलपत्र थडग्यावर छापायचं?