क्लचमधली हवा निघता निघेना, मदत हवी आहे

स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा, गिअरबॉक्सकडचा) नवा टाकल्यापासून क्लचचं पेडल मऊच. दहा-बारा वेळा पंप केलं की घट्ट होतं, गिअर पडतो. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा थेट तळाला. दोघांनी मिळून ब्लीड केलं (तेलातली हवा काढली), हवा सोडायचं निपल बंद झाल्यावरच पेडल सोडलं. अर्धा लिटर डॉट ४ (ब्रेक-क्लचचं तेल) संपलं (निम्मं माझ्या बाहीवर). नळीत आता बुडबुडा दिसत नाही, टाकीतली पातळीही खाली जाऊ दिली नाही. गळती कुठेच नाही, मास्टर सिलिंडरही (पेडलने दाबला जाणारा) बाहेरून कोरडा.

स्लेव्ह गिअरबॉक्सच्या बाहेरच आहे; व्हॅक्यूम पंप नाही. स्लेव्हचा दांडा हाताने आत दाबून हवा उलटी टाकीत ढकलता येते म्हणतात, कुणी केलंय का? आणि मास्टरचं आतलं रबर गेलंय की हवाच अडकलीय, हे तो न खोलता कसं ओळखायचं?