नाशिकहून मुंबई टी-२: सायकलचं खोकं, जुलैचा पाऊस आणि पहाटेचं विमान

गोदाकाठी

नमस्कार मंडळी,

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमचा ग्रुप मनाली–लेह करतोय. मुंबईहून विमानाने चंदीगड, तिथून रात्रीच्या बसने मनाली. विमान मुंबई विमानतळाच्या टी-२ (टर्मिनल २) वरून पहाटे सहा दहाचं. बाकी सगळे ठाणे-मुलुंडचे, मी एकटी नाशिकची. त्यामुळे "तू ये गं, टी-२ ला भेटूच" एवढं बोलून ते मोकळे झालेत.

सायकल पुठ्ठ्याच्या खोक्यात भरणार आहे. दुकानदाराने खोकं फुकट दिलं, वर चहाही पाजला. मापं १३८ × ७८ × २२ सेंटिमीटर, भरल्यावर वजन सोळा किलोच्या आसपास. विमान कंपनीशी बोलून खोकं तिकिटावर नोंदवून घेतलंय, ती बाजू निपटली. प्रश्न आहे तो इंदिरानगरपासून टी-२ च्या दारापर्यंतचा.

आमची स्विफ्ट आहे. मागची सीट पाडूनही डिकीचं दार लागत नाही. एसटीत कंडक्टर मला घेईल, खोक्याला घेणार नाही. पंचवटी एक्स्प्रेसने सीएसएमटी आणि तिथून मेट्रो ३ थेट टी-२ ला जाते, हा एक विचार डोक्यात आहे. दुसरा विचार भाड्याच्या गाडीचा. नवऱ्याचं म्हणणं, तिकडे मनालीत भाड्याने सायकली मिळतात की! मिळतात हो. पण ज्या सीटवर वर्षभर घासून बूड तयार केलंय ती सोडून बारालाचाची खिंड चढायला मी तयार नाही.

कोणी असं खोकं घेऊन पावसाळ्यात नाशिकहून गेलंय का?

द्राक्षबाग

पहिला प्रश्न, ओझर का नाही? ओझरहून दिल्लीला विमान आहे. दिल्लीहूनही मनालीच्या बस सुटतात. घरापासून अर्ध्या-पाऊण तासात विमानतळ, ना घाट ना ठाणं. तिकीट बदलून मिळत असेल तर मी दुसरा विचारही करणार नाही.

गोदाकाठी

सगळ्यांचं तिकीट एकत्र काढलंय, एकटीचं बदलायला गेलं तर नव्या तिकिटाएवढाच खर्च येतोय. शिवाय चंदीगडहून पुढची बस ग्रुपची आहे. परतीला मात्र ओझर नक्की बघते.

ब्रेकव्हॅन

पंचवटीबद्दल. रेल्वेत सायकल लगेज म्हणून नेता येते. नाशिक रोडच्या पार्सल ऑफिसात तिकीट दाखवून नोंदवायची, वजनावर आणि अंतरावर पैसे, पावती जपून ठेवायची. खोक्याच्या दोन्ही बाजूंना जाड मार्करने नाव, फोन, कुठून-कुठे हे लिहायचं. गाडीच्या तासभर आधी तरी तिथे उभं राहायचं, कारण पार्सल ऑफिसातला माणूस स्वतःच्या वेळेनेच पावती फाडतो.

आणि लगेज नेहमी शेवटच्या स्टेशनापर्यंतच नोंदवावं. दादर किंवा ठाण्याला गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. तेवढ्यात ब्रेकव्हॅन (गाडीचा सामानाचा डबा) उघडून तुमचं खोकं उतरेलच याची खात्री नाही. न उतरलेलं सामान गाडीबरोबर पुढे जातं आणि तुम्ही फलाटावर राहता. सीएसएमटीला गाडी संपते, तिथे ही भीती नाही.

पण तुमचं विमान पहाटेचं. पंचवटी सकाळची गाडी, म्हणजे आदल्या दिवशी दुपारच्या आतच मुंबईत आणि रात्र काढायची कुठे तरी, खोक्यासकट. नातेवाईक असतील तर ठीक.

मेट्रोचं म्हणाल तर सोडून द्या. आत शिरताना सामान यंत्रातून सरकवावं लागतं. त्या यंत्राचं तोंड एवढंसं, तुमचं ७८ सेंटिमीटरचं खोकं आडवं धरा की उभं, आत जाणार नाही. लोकलच्या मालडब्यात मात्र जातं. भाजीच्या पाट्या आणि मासळीच्या टोपल्यांमध्ये एक खोकं कोणाला जड नाही, लगेजचं तिकीट तेवढं काढा. पण दादरच्या पुलावर ते खोकं घेऊन मध्य रेल्वेकडून पश्चिमेकडे जायचं, हे मी माझ्या वैऱ्यालाही सांगणार नाही.

घाटातला_सारथी

ताई, मी नाशिक–मुंबई विमानतळ गाडी मारतो. बरीच वर्षं तेच काम आहे. सायकलवाले पाहुणे पण असतात, नाशिकला सायकलचं वेड जुनंच. २०१५ साली महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलने पार करायची ती रेस पूर्ण केली, त्यानंतर तर गल्लीगल्लीत सायकली दिसायला लागल्या. सायकल मला चालवता येत नाही, खोकं मात्र बांधता येतं.

आधी गाडीचं बोलू. फोनवर "मोठी गाडी पाहिजे" एवढंच सांगाल तर सीएनजी अर्टिगा दारात येऊन उभी राहील. त्या गाडीत टाकी शेवटच्या सीटच्या मागे आडवी बसवलेली असते. सीट पाडली तरी सपाट जागा मिळत नाही. खोकं टाकीवर तिरकं चढतं, ब्रेक मारला की पुढे घसरतं आणि तुमच्या मानेला टेकतं. सेडानची तर बातच नको, डिकीत टाकीच टाकी. म्हणून विचारताना असं विचारायचं: गाडी डिझेल आहे का, आणि मागच्या सीटा कशा पडतात? इनोव्हाच्या शेवटच्या सीटा दोन्ही बाजूंना वर उचलून अडकवतात. मधे गल्ली राहते. मधल्या रांगेची एका बाजूची सीट पाडली की खोकं त्या गल्लीत उभं सरकतं. उभंच न्यायचं. आडवं टाकलं की कोणी ना कोणी त्यावर बॅग ठेवतंच, आणि खाली तुमचा गिअरचा तो नाजूक हात असतो. एक दोरी आणा, पट्टा असेल तर उत्तम, सीटच्या लोखंडाला बांधून टाकू.

कॅरियरवर बांधायला कोणी तयार असेल तर नाही म्हणा. जुलैमध्ये ताडपत्री कितीही आवळा, वाऱ्याने एक कोपरा सुटतोच. इगतपुरीचा पाऊस तो कोपरा शोधत येतो. मग पुठ्ठा भिजतो, भिजलेलं खोकं उचलताना तळ सुटतो. एका पाहुण्याचा पेडल टी-२ च्या रस्त्यावर गडगडत गेलेला मी पाहिलाय, मागून शिट्टी वाजत होती आणि तो पेडलमागे पळत होता.

आता रस्ता. इगतपुरीला समृद्धी महामार्ग धरा. पावणेआठ किलोमीटरचा बोगदा आहे, कसाऱ्याचं धुकं आणि ट्रकमागची रांग दोन्ही सुटतात. टोल लागतो, लागू दे. पण आमणेला उतरलात की समृद्धीचं कौतुक संपलं. पुढे वडपे ते माजिवडा तोच जुना तमाशा: रांजणोली, माणकोली, खारेगाव, साकेत पूल. लोक म्हणतात रात्री निघा, रस्ता मोकळा. कुठला मोकळा! रात्री अवजड गाड्या सुटतात, पावसात खड्डे भरलेले, एक कंटेनर आडवा झाला की तास गेला. म्हणून मी चार तासांचा रस्ता पावसाळ्यात सहा तासांचा धरतो. सहा दहाचं विमान म्हणजे तुम्ही साडेतीनला टी-२ ला पाहिजे. साडेनऊला इंदिरानगर सोडायचं. लवकर पोचलो तर आत खुर्चीवर झोपा.

माजिवड्याहून पूर्व द्रुतगती, मग जेव्हीएलआर (जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्ता), पवई, पुढे पश्चिम द्रुतगतीवर उतरून सहारचा उन्नत रस्ता. तो थेट प्रस्थानाच्या दारात नेतो. मरोळमधून जवळ पडतं असं नकाशा सांगेल. मरोळच्या गल्लीत पाणी भरलं की नकाशा गप्प बसतो.

मरोळकर

आमच्या मरोळला एवढं बोल लावू नका सारथीदादा 🙂 पण पाणी भरतं, हे खरं.

टी-२ च्या दारातलं मी सांगतो. प्रस्थान वरच्या मजल्यावर. गाडी दारासमोर फार वेळ उभी ठेवू देत नाहीत, म्हणून उतरायच्या आधीच गाडीत दोरी सोडून तयार राहा. पार्किंगमध्ये गाडी लावून लिफ्टने यायच्या भानगडीत पडू नका. खोकं लिफ्टमध्ये मावलं तरी ट्रॉलीसकट वळत नाही.

नवरा सोडायला येणार असेल तर लक्षात घ्या, तिकीट नसलेल्या माणसाला आत सोडत नाहीत. दारात सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो, तिथून पुढे खोकं, पाठीवरची बॅग, हेल्मेट आणि तुम्ही. म्हणून ट्रॉलीवर खोकं लांबीच्या दिशेने ठेवायचं. आडवं ठेवलं तर दाराच्या चौकटीला दोन्हीकडे आपटतं आणि मागची रांग तुमच्यावर डोळे वटारते. समोरचं दिसत नाही, तर ट्रॉली ढकलू नका, बाजूने चालत ओढा. नाहीतर हमाल घ्या, पैसे लागतात पण पहाटे साडेतीनला ते पैसे सार्थकी लागतात.

चेक-इनला टॅग लागला तरी खोकं नेहमीच्या पट्ट्यावर जात नाही. मोठ्या आकाराच्या सामानाची वेगळी जागा असते, तिथपर्यंत ते आपणच न्यायचं. तिथे तपासणीत खोकं उघडायला सांगू शकतात. त्यामुळे टेपचं एक रीळ आणि एक छोटी कात्री बाहेरच्या बॅगेत, पण कात्री त्याच ठिकाणी कोणाला तरी देऊन टाकायच्या तयारीने. पुढे केबिनमध्ये ती अडकेल.

खोक्यात काय नको: दिव्यांच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्ये. हवा भरायची ती गॅसची छोटी नळकांडी आणि चेनवर मारायचा स्प्रे घरीच ठेवा. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा. वाटेत ब्रेकची दांडी दाबली गेली तर पॅड चिकटतात आणि मनालीत चाक बसवताना रात्र जाते. डावं पेडल उलट्या आट्याचं आहे हे सांगायची गरज नसावी, पण सांगतो.

द्राक्षबाग

पावसाचा एक उपाय आमच्या घरातला. खोक्याला बाहेरून मल्चिंग पेपर (शेतात वाफ्यांवर अंथरतात ते पातळ प्लास्टिक) गुंडाळा. कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतो, रुंद येतो, दोन वेढ्यांत खोकं झाकलं जातं. बागलाणात अर्ली द्राक्षांवर टाकतात ते जाड प्लास्टिक मिळालं तर त्याहून बरं. नाव-पत्ता प्लास्टिकच्या वरून चिकटवा. आणि हात घालायची भोकं मोकळी ठेवा, नाहीतर हमालाला धरायला काही उरत नाही.

गोदाकाठी

सगळ्यांचे आभार. पंचवटी आणि मेट्रो रद्द. इनोव्हाच घेते. आमचे मामेसासरे घोटीचे, मल्चिंग पेपर त्यांच्याकडे पडूनच आहे म्हणाले, जाता जाता उचलते.

सारथीदादा, त्या तारखेला तुम्ही मोकळे आहात का? आणि नवरा सोबत येतोय, एक सीट पाडून आम्ही दोघं बसू ना?

घाटातला_सारथी

बसाल. एक माणूस पुढे, एक मधल्या राहिलेल्या सीटवर, शेजारी खोकं. परत येताना रिकामी गाडी आहे, त्यामुळे साहेबांना नाशिकपर्यंत झोपता येईल.

मोकळा आहे. निरोप पाठवलाय, पत्ता त्यावर टाका. घोटीला प्लास्टिक उचलायचं असेल तर साडेनऊच्या जागी नऊला निघू. आणि खोकं आधीच टेपने पूर्ण बंद करू नका, दोरी कुठून घालायची ते मला एकदा बघू द्या.