पागेचा वरचा मजला
चॅट्सवर्थ म्हणजे इंग्लंडमधला डेव्हनशायरच्या ड्यूकांचा वाडा. 'चॅट्सवर्थची पागा म्हणजे नुसता थाट, घोड्यांना कशाला हवेत डोरिक (जुन्या ग्रीक धाटणीचे) खांब?' असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. थाट आहेच, दरवाजावरच्या दगडी सांबरांना शिंगं तर खरीखुरी लावली आहेत! पण नुसता थाट म्हणणं मला पटत नाही. चौथ्या ड्यूकसाठी वास्तुरचनाकार जेम्स पेनने १७६०च्या आसपास बांधलेली ही चौसोपी इमारत ८० घोड्यांचं रोजचं काम उरकणारी होती. अंगणाभोवती ठाणं, तिथेच लोहाराचं दुकान, वरच्या मजल्यावर दाण्याची कोठारं आणि मोतद्दारांच्या, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या नोकरांच्या, खोल्या. रात्री घोडा अडचणीत आला, तर खाली धावायला माणूस जवळच हवा, म्हणून ही रचना.

त्या खोल्यांबद्दल इथे कुणीच लिहिलं नाही. १८३०च्या दशकात सहाव्या ड्यूकने मागे गाड्यांसाठी वेगळी इमारत जोडली, म्हणजे माणसंही वाढलीच असणार. शेवटचे घोडे १९३९मध्ये गेले आणि पुढे याच खोल्यांत इस्टेटीच्या निवृत्त नोकरांची घरं झाली. आता खाली दुकानं आणि उपाहारगृह आहे. गेलात तर घड्याळाच्या मनोऱ्याइतकंच त्या वरच्या खिडक्यांकडेही बघा.