मदत हवी आहे: 25 वॅटच्या जुन्या ॲम्पला जड जाणार नाहीत असे छोटे स्पीकर (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

आबांचा जुना ॲम्प (ॲम्प्लिफायर) पुन्हा वाजता करायचा आहे, त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

ॲम्प साधा आहे. चॅनेलला 25 वॅट, आत 2एन3055 ट्रान्झिस्टर, मागे स्पीकरच्या जोडणीपाशी नुसतं '8 ओहम' छापलेलं. आबा गिरणीतून निवृत्त झाले तेव्हा मिळालेल्या पैशातून त्यांनी स्वतःसाठी घेतलेली ही एकच वस्तू. त्याच्याबरोबरचे मोठे लाकडी स्पीकर वाळवीनं खाल्ले. आता आबा 78 वर्षांचे आहेत. संध्याकाळी तासभर गाणं ऐकल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. भीमसेनजी, मल्लिकार्जुन मन्सूर, कुमारजी. सध्या मोबाइलवर ऐकतात आणि रोज म्हणतात, "तंबोरा कुठं गेला गं?"

खोली 10 बाय 12 फूट, अशोक चौकाच्या मागे. खाली शहाबादी फरशी, भिंती उघड्या, त्यामुळे टाळी वाजवली तरी आवाज घुमतो. शेजारच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, त्यांची खटखट रात्री उशिरापर्यंत चालते. स्पीकर टेबलावरच ठेवावे लागतील आणि मागे भिंत वीतभर अंतरावर. आबांची आरामखुर्ची समोर आठ फुटांवर.

एकदा हात पोळले आहेत, म्हणून विचारून घ्यायचं ठरवलं. दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून छोटे स्पीकर आणले. डब्यावर ठळक '120 वॅट'. दुकानदार म्हणाले, जितके वॅट जास्त तितका आवाज जास्त. घरी लावले तर आवाज दबलेला, लांबून आल्यासारखा. लूमच्या खटखटीवर गाणं यावं म्हणून मी नॉब वाढवत गेले. एप्रिलचे दिवस, बाहेर 43 अंश, ॲम्प काचेच्या शोकेसमध्ये. पाऊण तासानं जळकट वास आला आणि उजवी बाजू गप्प झाली. वरच्या जाळीवर हात ठेववत नव्हता. आबा काहीच बोलले नाहीत, उठून फक्त बटण बंद केलं. ते अजून डोळ्यांसमोर आहे.

दुरुस्ती करणाऱ्या काकांनी ट्रान्झिस्टर बदलून दिले आणि स्पीकर उलटा करून मागची चिठ्ठी दाखवली: 4 ओहम, 84 डेसिबल. म्हणाले, "ताई, ह्याच्या पाठीवर एवढं ओझं टाकू नका."

तर विचारायचं ते असं. स्पीकर घेताना नेमका कोणता आकडा बघायचा? लहान खोक्यातून तंबोरा आणि डग्गा नीट ऐकू येईल का? भिंत इतकी जवळ असली तर चालेल का? बजेट 30 हजार, जरा ताणता येईल. ॲम्प बदला, असं मात्र कृपया सुचवू नका.

प्रतिसाद 1

ताई, काकांनी रोग बरोबर ओळखला. थोडं सविस्तर लिहितो, कारण डब्यावरच्या वॅटनी पुष्कळांना फसवलं आहे. ते 120 वॅट म्हणजे स्पीकर जळायच्या आत किती सोसू शकतो, एवढंच. तो किती मोठ्यानं वाजेल हे सेन्सिटिव्हिटी सांगते: ठरावीक वीज दिली की एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो ते.

यात एक खोच आहे. हे मोजमाप बहुतेक वेळा 2.83 व्होल्टला करतात. ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा. 8 ओहमच्या स्पीकरमध्ये त्यानं 1 वॅट जातो, 4 ओहमच्या स्पीकरमध्ये 2 वॅट. म्हणजे तुमच्या स्पीकरचे 84 हे दोन वॅटचे असणार, एका वॅटला 81 च. आता 8 ओहमचा 88 डेसिबलवाला स्पीकर शेजारी ठेवा. फरक 7 डेसिबलचा, आणि 7 डेसिबल म्हणजे पाचपट पॉवर. जे काम तो 5 वॅटमध्ये करतो, त्याला तुमचा 25 मागत होता. शिवाय ओहम निम्मे म्हणजे तेवढ्याच व्होल्टला करंट दुप्पट. त्यात एप्रिल आणि वर बंद शोकेस.

दुसरा आकडा किमान ओहमचा. छापलेले '8 ओहम' नाममात्र असतात, प्रत्यक्षात सुरागणिक ते बदलतात. प्रमाणकानुसार 8 वाल्यानं 6.4 च्या खाली जायला नको, पण बरेच जातात. केईएफ एलएस50 वर 8 लिहिलंय, किमान मात्र 3.2, आणि सेन्सिटिव्हिटी 85. स्पीकर फार सुंदर, तुमच्या ॲम्पसाठी नाही. उलट उदाहरण बीबीसीच्या एलएस3/5ए चं. 1970 च्या दशकात प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये ठेवायला बनवलेलं छोटं खोकं, माणसाच्या आवाजासाठी आजही लोक त्याच्यावर जीव टाकतात. मूळचा 15 ओहमचा, म्हणजे ॲम्पवर करंटचा ताण नाही, पण सेन्सिटिव्हिटी 82-83, म्हणून आवाज बेताचा. दोन्ही आकडे वेगवेगळे बघायचे ते यासाठी.

केएलएच या स्पीकर कंपनीतल्या हॉफमन यांचा नियम आहे: लहान खोकं, खोल बेस आणि जास्त सेन्सिटिव्हिटी, तिन्ही एकत्र मिळत नाहीत. कुठलीही दोन घ्या. तुम्ही बेस सोडा. आबांच्या गाण्यात फारसं काही हरवणार नाही. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा सुमारे 139 हर्ट्झ, तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्म्यावर, 69. साठ हर्ट्झपर्यंत उतरणारा पाच इंची वूफर (खालच्या सुरांचा पडदा) असला की खर्जही येतो, डग्ग्याची घुमकही येते. जवारी, म्हणजे तारांची झणझण, तर त्याच्या कितीतरी वर असते. मोबाइलचा इवलासा स्पीकर खर्जापर्यंत पोचतच नाही, आबांची तक्रार अगदी खरी आहे.

प्रतिसाद 2

माझ्याकडे क्यू अकूस्टिक्स 3020आय आहेत, 30 वॅटच्या जुन्या ॲम्पवर. 88 डेसिबल, 6 ओहम, किमान 4. पोर्ट (बेससाठीचं हवेचं भोक) मागे आहे, पण त्यात बसवायला फोमचे बूच सोबत मिळतात. भिंत जवळ असेल तर ते बसवा, बेसचा गडगडाट आटोक्यात येतो. आणि शहाबादीवर जाड सतरंजी, समोरच्या उघड्या भिंतीवर आपली सोलापुरी चादर दुहेरी करून टांगा. बेसला त्यानं फरक पडत नाही, पण शब्द स्वच्छ होतात. आधी हे करून बघा, खर्च नाही.

प्रतिसाद 1

किमान 4 तुमच्या ॲम्पला आदर्श नाही, हे सांगायलाच हवं. पण आठ फुटांवर 88 चे दोन स्पीकर असतील तर रोजच्या ऐकण्याला एक वॅटही लागत नाही, ताना-सरगम चढली तरी चार-पाच वॅट. एवढ्या कामाला ॲम्प तापत नाही. दोन पथ्यं पाळा: ॲम्प शोकेसच्या बाहेर, वर वीतभर मोकळी जागा, आणि नॉब अर्ध्याच्या आत. घेण्याआधी तुमच्याच ॲम्पवर, तुमच्याच गाण्यानं ऐकून घ्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितलंत तसंच केलं. ॲम्प चादरीत गुंडाळून हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला नेला. दुकानात तीन जोड्या ऐकल्या. एकीचा बेस दणदणीत होता, पण 85 ची होती. नॉब बराच पुढे न्यावा लागला, तेव्हाच ती नको म्हटलं. 3020आय घेतले.

घरी बूच बसवले, ॲम्प शोकेसमधून काढून लाकडी पाटावर ठेवला, चादर टांगली. तासभर वाजल्यावर जाळीवर तळहात ठेवून बघितला: कोमट. नॉब घड्याळात नऊ असतात त्या जागेच्या पुढे, म्हणजे अर्ध्यापर्यंतही, गेला नव्हता. मन्सूरांचं गाणं लावलं होतं. सुरुवातीलाच आबांनी मान वर केली आणि उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर एकेक करत फिरवायला लागले, तंबोरा छेडतात तशी.

एक राहिलं. टेबलाचा पत्रा डग्ग्याबरोबर थरथरतो. स्पीकरखाली रबराचे तुकडे ठेवू की लाकडी ठोकळे? रबर घ्यायचं तर किती जाडीचं?