आमवात आणि पथ्य: डॉक्टर म्हणतात "काहीही खा", घरचे म्हणतात "दही बंद"

माजघर
तीन वर्षांपूर्वी एका सकाळी कणीक मळता येईना. मुठीच वळेनात. दोन्ही हातांच्या बोटांची पेरं सुजलेली, अंग मोकळं व्हायला दीड तास. अँटी-सीसीपी ही आमवाताची (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची) रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, म्हणजे या आजाराचं नेहमीचं औषध, सुरू झालं. औषधाने फरक पडला, त्याबद्दल तक्रार नाही. पण पथ्य विचारलं तर डॉक्टर कागदावरून मान वर न करता म्हणाले, "काहीही खा."

हे मला पटत नाही. १९९१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नॉर्वेची एक चाचणी आली होती, ५३ रुग्णांवरची. अर्ध्याअधिकांना आधी ७ ते १० दिवस उपास, मग साडेतीन महिने दूध आणि गहू वगळून शाकाहार, पुढे हळूहळू दूधदुभतं. त्यांचे सुजलेले सांधे, सकाळचं आखडणं, ईएसआर, सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारे आकडे) सगळं उतरलं आणि वर्षभरानंतरही फरक टिकून होता. मी स्वतः फरसाण-बिस्किटं सोडली, आठवड्यातून दोनदा बांगडा खाते, सात किलो वजन उतरलं. ठणका कमी आहे. हा काय निव्वळ योगायोग?

कोरडा_पाऊस
योगायोग नसेल, पण बांगड्यामुळेच झालं हे कशावरून? गोळी, वजन, बांगडा, तिन्ही एकदम चालू. नॉर्वेच्या चाचणीचीही हीच गोची. गोळी खरी की खोटी हे रुग्णापासून लपवता येतं, ताटात काय वाढलंय ते कसं लपवणार?

माझा राग वेगळाच आहे. आईचे सांधे धरले तेव्हा आम्ही चौदा महिने पथ्यात घालवले. दही बंद, वांगं बंद, टोमॅटो बंद, शेवटी तूरडाळही बंद. या आजारात सुरुवातीचे महिने मोलाचे असतात, तेवढ्यात औषध मिळालं तर हाडांची झीज रोखता येते. आईची बोटं आज करंगळीच्या बाजूला वळलेली आहेत. दही तेवढं पुन्हा सुरू झालं.

सुंठ_साखर
तूरडाळ का बंद केली? ते पथ्य युरिक अ‍ॅसिडवाल्यांना सांगतात, तेही अर्धवट माहितीवर. आपल्याकडे गुडघ्याची झीज, आमवात, युरिक अ‍ॅसिडचा गाउट, चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी, सगळ्यालाच 'संधिवात' म्हणतात आणि एकाचं पथ्य दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. वांग्या-टोमॅटोने ऱ्हुमॅटॉइड वाढतो याला तर काहीच आधार नाही.

काढा_घ्या
आधुनिक पुरावा नाही म्हणून टिंगल नको. माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे. कारणं दिली आहेत ती विरुद्धाहार (एकमेकांशी न जुळणारे पदार्थ एकत्र खाणं), मंद अग्नी, बैठं राहणं, स्निग्ध जेवून लगेच व्यायाम. उपचाराची सुरुवात लंघनाने, म्हणजे उपासाने. नॉर्वेवाल्यांनी उपास घालून वेगळं काय केलं? आणि कोइमतूरला मेथोट्रेक्सेट विरुद्ध आयुर्वेद अशी डबल-ब्लाइंड (कुणाला कोणतं औषध ते रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेली) चाचणी झाली आहे. २०११ मध्ये छापून आली. दोन्ही गटांत मोठा फरक दिसला नाही.

कोरडा_पाऊस
४३ रुग्ण, तेही तीन गटांत वाटलेले (तिसऱ्या गटाला दोन्ही उपचार)! इतक्या थोड्या माणसांत फरक 'दिसला नाही' म्हणजे फरक 'नाही' असं होत नाही. ती प्राथमिक चाचणी होती, तिच्या जोरावर कुणी गोळी सोडू नये. बाकी तुमच्याच यादीतलं 'बैठं राहणं' कुणाला आठवत नाही, दही मात्र सगळ्यांना पाठ.

सुंठ_साखर
अगदी. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची २०२२ ची मार्गदर्शिका हेच सांगते. ठाम शिफारस एकच, नियमित व्यायाम. आहारात भूमध्य सागरी पद्धतीला (भाज्या, फळं, डाळी, मासे, ऑलिव्ह तेल) सौम्य होकार, तोही औषधाच्या जोडीला. इतर ठरीव आहारांना आणि पूरक गोळ्यांना सौम्य नकार. म्हणजे "काहीही खा" हेही चूक आणि "हे खाल्लंत तर बरे व्हाल" हेही चूक.

उंबरठा
एक गोष्ट कुणीच बोलत नाही. हा आजार बायकांना पुरुषांच्या दोन-तीन पट होतो. घरात पथ्याची चर्चा निघाली की ती आपोआप चौकशी होते. बोटं सुजली? काल श्रीखंड चाखलंस ना. माझा सीआरपी वाढला तेव्हा नवऱ्याने आधी फ्रीज उघडून पाहिला. तो स्वतः दिवसाला सहा सिगारेटी ओढतो. धुराचा या आजाराशी संबंध आहारापेक्षा कितीतरी पक्का आहे, पण फ्रीज तपासणं सोपं.

माजघर
उंबरठा, हे वाचून गप्प झाले. माझ्या सासूबाईंची मिश्री आणि माझं दही, आमच्या घरात यातलं वाईट कुठलं ते तुम्ही ओळखलंच असेल.

कोरडा_पाऊस, आईंबद्दल वाईट वाटलं. गोळी सोडा असं मी म्हणत नाहीये. डॉक्टरांनी दोन मिनिटं काढून एवढं सांगितलं असतं, तर मी रात्री दोन वाजता व्हिडिओ बघत बसले नसते.

जवस_चटणी
आम्ही शाकाहारी. बांगड्याऐवजी रोज जवसाची चटणी चालेल का?

सुंठ_साखर
खा, चांगलीच आहे. पण जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं, शरीर त्यातलं थोडंच माशातल्यासारखं करून घेतं. आणि चाचण्यांत फरक दिसला तो रोज साधारण ३ ग्रॅम माशाच्या ओमेगा-३ ने. माजघरताईंचे आठवड्याचे दोन बांगडेही तिथवर पोचत नाहीत.

माजघर
बांगडा तरीही खाणार. आवडतो म्हणून.